जड बुलेट भरायची असेल तर आधी बॅरल बघा, पावडर नंतर

इथे अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरणारे आपले लोक आता बऱ्यापैकी दिसायला लागलेत, आणि मला जो प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो असा की २२३ रेमिंग्टन या काडतुसामध्ये ५५ ग्रेनची बुलेट छान चालतेय, आता ६०० यार्डांसाठी ७७ किंवा ८० ग्रेनची भरायची आहे तर पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, कुठली घेऊ. माझं म्हणणं एवढंच की पावडरचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या आधीचं काम झालं नसेल तर कुठलीही पावडर घ्या, काही उपयोग नाही.

आधी जड बुलेट कशाला ते बघू. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, म्हणजे ८० ग्रेनची बुलेट जेमतेम पाच ग्रॅमच्या वर. ती निघते ५५ वाल्यापेक्षा हळू, पण लांब आणि निमुळती असल्यामुळे हवेत वेग कमी गमावते, आणि ६०० यार्डांवर वारा तिला खूपच कमी ढकलतो. ओहायोत कॅम्प पेरीला १९०७ पासून नेमबाजीच्या नॅशनल मॅचेस होतात, रेंज अगदी लेक ईरीच्या काठावर, तिथला वारा एकदा अंगावर घेतला की हे सगळं आपोआप पटतं.

पण ही लांब बुलेट सरळ जायला ती तेवढी जोरात फिरायला लागते. भोवऱ्यासारखंच आहे, फिरकी कमी पडली की तो डुलायला लागतो. बॅरलच्या आतल्या आट्यांचा, म्हणजे पिळदार खाचांचा, ट्विस्ट त्यासाठीच बघायचा, १:१२ म्हणजे बारा इंचात एक फेरा, १:८ म्हणजे आठ इंचात. लोकांना वाटतं वजन वाढलं म्हणून वेगवान ट्विस्ट लागतो, खरं तर लांबी वाढली म्हणून लागतो. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ च्या सुमारास जो ठोकताळा दिला त्यातसुद्धा बुलेटची जाडी आणि लांबी आहे, वजन नाही. म्हणूनच नुसत्या तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असते आणि तिला जास्त फिरकी लागते. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलचंच बघा ना, ५५ ग्रेनला १:१२ पुरत होता, पण ६२ ग्रेनची गोळी आली आणि तिच्या जोडीला लांबलचक ट्रेसर, म्हणजे उडताना उजेडाची रेघ दाखवणारी गोळी, आली, त्या ट्रेसरपायी ट्विस्ट थेट १:७ वर न्यावा लागला.

आपल्या बॅरलचा ट्विस्ट बऱ्याचदा बॅरलवरच कोरलेला असतो. नसेल तर रायफल पूर्ण रिकामी आहे ना ते बघून, हँडल मोकळं फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावायचा, रॉडवर टेपची खूण करायची आणि हळूहळू आत ढकलायचं, खूण एक पूर्ण फेरा मारून वर आली की रॉड किती इंच आत गेला ते मोजायचं. दोन-तीनदा मोजा. ७७ आणि ८० ला १:८ किंवा १:७ हवा. १:१२ मधून ७७ मारलीत तर कागदावर गोल भोकाऐवजी आडवी पडलेली बुलेट छापल्यासारखं लांबट भोक दिसतं, याला कीहोल म्हणतात, आणि असं एक जरी दिसलं तरी त्या बॅरलसाठी तो विषय संपला.

मग येते लांबी. एआर, म्हणजे एम-१६ च्या धाटणीच्या नागरी रायफलच्या मॅगझिनमध्ये काडतूस साधारण २.२६० इंचापर्यंतच बसतं, ७७ वाली सिएरा कंपनीची मॅचकिंग बुलेट त्यात बसवता येते, ८० वाली बसत नाही. सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलच्या) मॅचमध्ये २०० आणि ३०० यार्डांचं रॅपिड फायर मॅगझिनमधूनच मारावं लागतं म्हणून तिथे ७७, आणि ६०० ला एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या कप्प्यात, ठेवत मारतात म्हणून तिथे ८०, इतकं साधं आहे ते. बुलेट आट्यांपासून किती लांब उभी आहे यावर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, खूप बदलतो, पण मोजताना टोकापासून मोजू नका, मॅच बुलेटची टोकं सारखी नसतात, कंपॅरेटर नावाचं मापायचं साधन लावून ओजाइव्हपासून, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या वळणापासून, मोजा. आणि हे नीट लक्षात ठेवा, बुलेट जास्त आत बसवली की केसमधली, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीतली, जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं, आट्यांना टेकवली तरी प्रेशर वाढतं. केस बदलली, मिलिटरी ब्रास (लष्करी काडतुसांच्या केस) घेतलं, तरी आतली जागा वेगळी.

आता पावडर. मी व्हार्गेट नावाची पावडर वापरतो कारण थंडी-उन्हाने तिचा वेग फार हलत नाही, जानेवारीत बेसमेंटमध्ये भरलेलं काडतूस जुलैच्या उन्हात मारायचं असतं. दाणे काडीसारखे लांबट, मेझरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) पडताना अडकतात, म्हणून प्रत्येक चार्ज, म्हणजे एका काडतुसात जाणारी पावडर, वजन करूनच घ्यायचा. लांब बुलेटची बूड दारूपर्यंत पोचते आणि बुलेट बसवणाऱ्या प्रेसचा दांडा खाली आणताना दाणे दबल्याचा कर्र आवाज हाताला जाणवतो. मॅन्युअलमध्ये (कंपनीच्या आकड्यांच्या पुस्तकात) तो लोड कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबून भरायचा, म्हणून दिलेला असेल तरच हे ठीक, नाहीतर थांबा. सुरुवात नेहमी त्याच वजनाच्या बुलेटच्या स्टार्टिंग लोडपासून, म्हणजे मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या कमी चार्जपासून, ५५ ग्रेनचा आकडा ७७ ला लावणं म्हणजे सरळ धोका. थोडं थोडं वर जाताना प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होतोय का, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटतोय का हे प्रत्येक केस हातात घेऊन बघायचं, आणि दिसलं की प्रेशर जास्त झालं समजून खाली यायचं, वेग कमी मिळाला तर मिळाला.

१०० यार्डांवरच्या तीन शॉटच्या सुंदर ग्रुपवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. दहा मारा. आणि बुलेटचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावा, कारण वेगातला फरक १०० यार्डांवर दिसतच नाही, ६०० वर मात्र सेकंदाला ३० फुटांचा फरक म्हणजे वर-खाली अडीच इंचांच्या आसपास, आणि तिथली दहाची रिंग बारा इंचांची आणि तिच्या आतली एक्सची रिंग सहा इंचांची. त्या अडीच इंचांवर वारा आणि आपला हात अजून यायचाच असतो.

पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा कोल्हापूरकडच्या मित्रांनी विचारलं, तो पण असंच भरतो का रे. नाही, तो मारतो त्या पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसामध्ये प्रायमर केसच्या काठातच असतो, ती परत भरायची नसते. ते लोक फॅक्टरीचे वेगवेगळे लॉट (उत्पादनाच्या खेपा) मारून आपल्या बॅरलला कुठला मानवतो ते शोधतात. शोध तोच, फक्त आपल्याकडे फिरवायला स्क्रू जास्त.

माझा चार्ज किती ते मी कुणालाच सांगत नाही, राग मानू नका. माझं चेंबर, माझं ब्रास, माझा पावडरचा लॉट वेगळा. पावडर कंपनीचा आणि बुलेट कंपनीचा डेटा दोन्ही शेजारी उघडून बसा, दोघांच्या आकड्यात फरक असेल तर कमी असलेला धरा, आणि पावडरचा नवीन डबा उघडलात की लॉट नंबर वहीत लिहून परत खालून सुरुवात करा.