विंडोज आणि व्ही: पंचवीस कॉप्यांचा कप्पा

दादर-गिरगावातल्या कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात महिनाअखेरीला मेंटेनन्सची बिलं करताना एकच उद्योग चालतो: फ्लॅट नंबर कॉपी, पेस्ट, मग परत जाऊन नाव कॉपी, पेस्ट. ही ये-जा करायची गरजच नाही. कंट्रोल-व्हीऐवजी विंडोज की आणि व्ही एकत्र दाबा. पहिल्यांदा 'टर्न ऑन' असं बटण येईल, ते दाबा. त्यानंतर जे जे कॉपी कराल ते यादीत जमत जातं. हवं त्यावर क्लिक केलं की कर्सर असेल तिथे उमटतं. विंडोज 10 मध्ये 2018 पासून ही सोय आहे, तरी फार थोडे वापरतात याचं खरंच वाईट वाटतं.

यादीत 25 गोष्टी मावतात, सव्विसावी आली की सर्वांत जुनी जाते. एक गोष्ट 4 एमबीपेक्षा मोठी असेल तर यादीत येतच नाही. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं, फक्त पिन केलेलं, म्हणजे यादीत कायम राहावं म्हणून टाचून ठेवलेलं, उरतं. म्हणून सोसायटीचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि पत्ता पिन करून ठेवा. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून काढलेला स्क्रीनशॉटही इथेच सापडतो.

एक मात्र सांभाळा. कॉपी केलेला पासवर्डही यादीत उघडा दिसू शकतो. कॉम्प्युटर चारजण वापरत असतील तर उठण्याआधी 'क्लिअर ऑल' दाबा; पिन केलेलं त्यानेही जात नाही, ते हातानेच काढावं लागतं.