डीव्हीआरमधले पावणेदोन

सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलेलं काम एका ओळीचं होतं: डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या मशीनमधून, एक क्लिप काढून पेन ड्राइव्हवर द्यायची, पोलिसांना हवी आहे. असली कामं मी शक्यतो टाळतो. सिस्टिम दुसऱ्याने बसवलेली, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, आणि घामाघूम होऊन काम संपवलं की "नुसती क्लिप तर काढली, त्याचे एवढे?" हे ऐकून घ्यायचं. पण त्या दिवशी तिथेच, ठाण्यातल्या नौपाड्यात, एका सोनाराच्या शटरला सेन्सर लावायचा होता. म्हटलं, जाता जाता उरकू.

बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची बोलणी चाललेल्या इमारतीत कुणी नवा खिळासुद्धा ठोकत नाही, तशीच हीही. आठ कॅमेरे, त्यातले चार चालू. बाकीच्या चौकोनांत नुसतं 'व्हिडिओ लॉस'. मागच्या पार्किंगच्या गेटचा कॅमेरा तर गेल्या पावसाळ्यापासूनच गेलाय, असं वॉचमनने सांगितलं. डीव्हीआर पंपाच्या खोलीत, मीटरच्या वरच्या फळीवर, धूळ खात पडलेला.

सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चहा मागवून त्यांनी प्रकरण सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर एक आजी, मुलगा आणि सून राहतात. मंगळवारी दुपारी आजी आणि सून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. सव्वा वाजता घर बंद केलं, साडेतीनला परत आल्या. कपाटातल्या पाटल्या आणि सुनेचं मंगळसूत्र गायब. दार मात्र जसंच्या तसं. पेपरात नेहमी 'कडी-कोयंडा तोडून' असं छापून येतं, इथे कोयंड्याला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. कुलूप तोडलं नाही म्हणजे चावी वापरली, चावी वापरली म्हणजे ओळखीचं माणूस, इथवर सगळे आपोआप येऊन पोचले होते. मग सेक्रेटरींनी सव्वा ते साडेतीनचं फुटेज पाहिलं, तर पावणेदोनला घरकामाच्या मावशी पुढच्या गेटमधून बाहेर पडताना दिसल्या. खांद्याला मोठी पिशवी.

"घर सव्वाला बंद झालंय," सेक्रेटरी टेबलावर बोट आपटत म्हणाले, "आणि ही बाई पावणेदोनला बाहेर पडतेय. मग अर्धा तास होती कुठे?"

मावशींचं म्हणणं, मी एकच्या आधीच निघाले. आजींचं म्हणणं, मावशी गेल्यावरच आम्ही निघालो, दार मी स्वतः ओढलं. पण आजी गोळी घेतली की नाही तेही विसरतात, त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी हिशेबात धरलंच नाही. दोघी सासू-सुना स्कूटरवरून मागच्या गेटने गेलेल्या, त्यामुळे त्या फुटेजमध्ये कुठेच नव्हत्या. उलट सगळ्यांनी असा तर्क काढला होता की मावशी त्याच मागच्या गेटने परत आल्या असणार, कारण तिथला कॅमेरा बंद आहे हे त्यांना ठाऊक असणार. सोसायटीने कॅमेरा दुरुस्त केला नाही, तेही मावशींच्याच खात्यावर चढलं होतं.

मॉनिटरचं मोबाइलवर शूटिंग करून ती क्लिप ग्रुपवर टाकून झाली होती. तिथून ती शेजारच्या दोन-तीन बिल्डिंगांच्या ग्रुपवर. मावशी त्याच गल्लीत आणखी काही घरी काम करत. त्यातल्या दोन घरांनी 'सध्या येऊ नका' कळवलं होतं, आणि चौकीत एकदा बोलावणंही झालं होतं.

हे सगळं ऐकून मी डीव्हीआरसमोर बसलो. पासवर्ड शोधावा लागला नाही. कंपनीने डब्यात दिलेला होता तोच अजून चालू होता. (यावर मी नेहमी चिडतो. २०१६ मध्ये अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट तासन्‌तास बंद पडल्या होत्या, त्या हल्ल्यात असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून वापरले गेले होते. आपल्याकडे अजून 'ॲडमिन'वरच कारभार.)

क्लिप काढायच्या आधी माझी एक सवय आहे. मोबाइलचं घड्याळ मॉनिटरला टेकवून धरायचं आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा. मोबाइलवर ११:२० होते. मॉनिटरवर १२:०८.

डीव्हीआर अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे होता.

सेक्रेटरींना मी फोटो दाखवला. ते काही क्षण बघत राहिले आणि पटकन म्हणाले, "मग आधी घड्याळ नीट करून घ्या."

"त्याला आता हात लावायचा नाही," मी म्हटलं. चुकलेलं घड्याळ किती चुकलंय हाच इथे पुरावा. ते बरोबर केलं की तो पुसला जातो.

डीव्हीआरमध्ये घड्याळ असतं ते भिंतीवरच्या घड्याळासारखंच, क्वार्ट्झच्या खड्यावर चालणारं. दिवसाला दोन सेकंद इकडेतिकडे झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षाचे ते बारा मिनिटं होतात. खालच्या स्टिकरवरून सिस्टिम चारेक वर्षांची दिसत होती. गणित तुम्हीच करा. इंटरनेट जोडलेलं असेल आणि ती सोय चालू ठेवली असेल, तर डीव्हीआर टाइम सर्व्हरला विचारून स्वतःला दुरुस्त करत राहतो. इथे कमिटीने ब्रॉडबँडचे महिन्याचे पैसे वाचवले होते. याहून वाईट मी पाहिलंय. काही मशीन कारखान्यातून चीनच्या वेळेवर येतात आणि बसवणारा ते बदलत नाही, मग सगळं अडीच तास पुढे. काहींचा आतला बटण सेल मेलेला असतो. वीज गेली की तारीख थेट कुठल्यातरी जुन्या वर्षातल्या १ जानेवारीला जाऊन बसते. पण ते बरं, कारण ते चुकलंय हे शेंबड्या पोरालाही दिसतं. अठ्ठेचाळीस मिनिटं दिसत नाहीत. दुपार दुपारच राहते.

आता अठ्ठेचाळीस वजा करा. मावशी बाहेर पडल्या १२:५७ ला. त्या म्हणत होत्या, एकच्या आधी.

सेक्रेटरी बँकेतले असल्यामुळे सहजासहजी मानणारे नव्हते. "हे आजचं झालं. मंगळवारीही एवढाच फरक होता कशावरून?" प्रश्न रास्त होता. मधल्या दिवसांत कुणी वेळ बदललीय का ते मी डीव्हीआरच्या लॉगमध्ये पाहिलं, बदल नव्हता. पण नुसत्या लॉगवर मला कुणाची नोकरी तोलायची नव्हती. त्याच दिवशीची, बाहेरची, खात्रीची एखादी वेळ हवी होती.

मी मंगळवारचं फुटेज मागे नेत बघत बसलो. भाजीवाला, कुरियरवाला, शाळेतून येणारी पोरं. कुरियरवाला चालला असता, पण तो कुणाकडे आला होता ते कळेना. मग दिसला सिलिंडरवाला. १:०९ ला खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन आत, १:१६ ला रिकामा घेऊन बाहेर. सिलिंडर घेताना आपण मोबाइलवर आलेला कोड सांगतो, आणि त्याने तो टाकला की गॅस एजन्सीचा 'सिलिंडर मिळाला' असा मेसेज येतो. वॉचमनला विचारलं, मंगळवारी सिलिंडर कुणाकडे? पहिल्या मजल्यावर. त्या घरच्या काकूंनी मेसेज शोधून दिला. वेळ १२:२५.

१२:२५ मध्ये अठ्ठेचाळीस मिळवले की १:१३. सिलिंडरवाल्याच्या आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या बरोबर मध्ये. सेक्रेटरींनी एका पाकिटाच्या मागे स्वतः आकडेमोड केली, दोनदा केली, आणि चष्मा काढून ठेवला.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटत होती. त्यांनी फुटेज पाहिलं होतं डीव्हीआरच्या साडेतीनपर्यंत, म्हणजे खऱ्या वेळेने पावणेतीनच्याही आतच थांबले होते. घर बंद होतं साडेतीनपर्यंत. मधला जवळजवळ पाऊण तास कुणी उघडूनच पाहिला नव्हता, कारण पावणेदोनला चोर सापडला होता. आम्ही पुढे नेलं. डीव्हीआरच्या ३:३८ ला दोन तरुण आत आले, एकाच्या पाठीला डिलिव्हरीवाल्यांच्या असतात तशी चौकोनी बॅग. वॉचमन खुर्चीत नव्हता. जेवायला गेला असणार. ३:५३ ला दोघे बाहेर, भरभर, एकमेकांशी न बोलता. वॉचमनने दोघांना ओळखलं नाही. कुणाकडे काही डिलिव्हरी आली होती का, हे ग्रुपवर विचारलं. कुणाकडेच नाही.

डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. इथली डिस्क आणि चालू कॅमेरे बघता आठवडाभराचं राहत होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर हा भागही गेला असता आणि ग्रुपवर फिरणारी मोबाइलची क्लिप तेवढी उरली असती.

वर जाऊन दार पाहिलं. कुलपांच्या कामापासूनच मी सुरुवात केली, कॅमेरे नंतर आले, त्यामुळे दार बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेफ्टी डोअरला चावी लावतच नव्हते. आतल्या दाराला नाइट लॅच, आणि तो नुसता ओढून घेतलेला. ओढलेल्या लॅचची जीभ तिरकी असते आणि मागे स्प्रिंग. ती मागे सारायला चावीच लागते असं नाही. चौकटीच्या रंगावर, जिभेच्याच उंचीला, ताजे बारीक ओरखडे होते. चावी दोन वेळा फिरवली असती तर तीच जीभ अडकून बसली असती. ठाण्यात निम्म्या घरांची दारं अशी 'ओढून' बंद होतात. हजारोंचं सेफ्टी डोअर आणि चावी फिरवायचा कंटाळा.

घरात फ्रिजवर एक वाय-फाय कॅमेराही होता, मुलाने ऑनलाइन मागवलेला. त्याची पिन काढून तिथे मिक्सर लावलेला. आजी म्हणाल्या, "ते सारखं माझ्याकडे बघतं. आणि मला चटणी वाटायची होती." त्यांना मी काय बोलणार?

संध्याकाळी हवालदार आले. त्यांना फोटो, मेसेज आणि दरवाजा दाखवला. त्यांनी वेळेतला फरक लिहून घेतला आणि डीव्हीआरच ताब्यात घेतला, ते उत्तम झालं. फुटेज कोर्टात टिकायचं तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी त्याला, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून, सगळे ६५-बी म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्यात एक भाग मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा जाणकाराने, फाइलच्या हॅशसकट, म्हणजे फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणाऱ्या तिच्या खुणेच्या आकड्यासकट. मॉनिटरचं मोबाइलवर केलेलं शूटिंग यात कुठेच बसत नाही, हे मी सेक्रेटरींना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. खोलीत कमिटीची आणखी माणसं होती.

मग मुलाने विचारलं, फिंगरप्रिंटचं डिजिटल लॉक लावू का? वस्तू वाईट नाही. पेन्सिल सेलवर चालतं, सेल उतरायच्या आधी आवाज करतं, पार मेलं तर चावीने किंवा बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून उघडतं. पण आजींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, सेन्सरने त्यांना रोज दाराबाहेर ताटकळत ठेवलं असतं. मग उरतो आकडी पिन, आणि तो आठवड्याभरात फ्रिजच्या दारावर चिकटवलेला दिसला असता. मी त्यांना आडवा सरळ दांडा येणारं कुलूप बसवून दिलं, चावी फिरवल्याशिवाय जे बंदच होत नाही. दाराला लोहचुंबकाचा सेन्सर आणि आत सायरन. वाय-फाय कॅमेऱ्यासाठी वेगळा प्लग पॉइंट काढला आणि त्याचं तोंड आजींकडून दाराकडे वळवलं. आजींनी ते सरकवून पुन्हा पुन्हा तपासलं.

सोसायटीने पार्किंगचा कॅमेरा बदलला, ब्रॉडबँड परत घेतलं. बिलात 'घड्याळ तपासणी' अशी ओळ होती, तिच्यावर कमिटीच्या मीटिंगमध्ये चर्चा झाली म्हणे. मंजूर झाली.

ग्रुपवर सेक्रेटरींनी खुलासा टाकला, चार ओळींचा, 'तांत्रिक कारणामुळे गैरसमज' असा. मावशींचं नाव त्यात नव्हतं. आधीच्या क्लिपखाली मात्र होतं. आजी स्वतः जिना उतरून मावशींच्या घरी गेल्या, सुनेला घेऊन. मावशींनी चहा दिला, आजींच्या पाया पडल्या, आणि काम परत घ्यायला नकार दिला. 'सध्या येऊ नका' म्हणणाऱ्या दोन्ही घरांनाही. सोनाराच्या शटरच्या कामाला पुन्हा त्या गल्लीत गेलो तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून उतरताना भेटल्या. तिथे तीन घरं मिळाली होती, महिन्याला थोडे जास्त पैसे देणारी. "आता निघताना वॉचमनकडच्या वहीत वेळ लिहिते," म्हणाल्या, "आणि माझ्या मोबाइलमधली बघून लिहिते, त्याच्या भिंतीवरची नाही."