पुसलेला शिक्का

काचेचं वय विचारायला येणाऱ्यांच्या हातात हल्ली युव्ही टॉर्च असतोच. पोपटी भांडं अंधारात धरायचं, ते हिरवंगार पेटलं की ‘युरेनियमची काच, दीडशे वर्षं जुनी’ असा निकाल. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, योझेफ रीडेलने 1830च्या दशकात युरेनियम घालून पिवळी आणि हिरवी काच केली, तिला बायकोचं, आनाचं, नाव दिलं, हे खरं आहे. पण तशी काच दुसऱ्या महायुद्धापर्यंत भरपूर निघत होती, आजही थोडी निघते. टॉर्च काचेत काय घातलंय ते सांगतो, कधी घातलं ते सांगत नाही. गिऱ्हाइकांना हे समजावून मी थकले. विकणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

जुन्या काचसामानाची पारख करून लेखी अहवाल देणं हे माझं काम. साताऱ्याहून एक काकू दोन पोपटी वाडगे घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या लग्नात, 1936 साली, मुंबईहून जोडी आली होती. एक वाडगा घरात राहिला, दुसरा नणंदेकडे गेला. नणंद गेल्यावर मुलांनी घर आवरताना तो जुनं सामान घेणाऱ्याला देऊन टाकला. पुढे मुंबईतल्या एका दुकानात काकूंना तसाच वाडगा दिसला. सोबत छापील प्रमाणपत्र: ‘बेल्जियम, सुमारे 1850, संपूर्ण हातकाम’. जोडी पुरी व्हावी म्हणून त्यांनी सांगितली ती किंमत मोजली. आणि मग घरातल्याच गोष्टीवरचा त्यांचा विश्वास डळमळला. “मग मामंजी सांगायचे ते चुकीचं का हो?”

आपल्याकडे हंडी असो, आरसा असो की फुलदाणी, परदेशी काच म्हटली की बेल्जियम. त्यामुळे त्या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते दुकानातून आणलेल्या वाडग्याच्या बुडाकडे. मधोमध रुपयाएवढी गोल, गुळगुळीत, किंचित खोलगट जागा. फुंकून केलेली काच काम चालू असताना लोखंडी सळईला चिकटवून धरतात. सळई तोडली की बुडाशी खरबरीत व्रण राहतो. चांगले कारागीर तो घासून साफ करतात, तिथे असंच गोल उरतं. हातकामाची खूण म्हणून गिऱ्हाईक आधी तेच शोधतं.

पण हा वाडगा फुंकलेला नव्हताच. बाहेरच्या पानांच्या नक्षीतून साच्याचे तीन सांधे सरळ वर गेलेले होते आणि आतली बाजू दट्ट्याने दाबल्यासारखी सपाट होती. साच्यात दाबून केलेल्या अशा वाडग्याला बुडाशी सळईचा व्रण सहसा नसतो. भिंग लावलं. सपाट बुडावर वर्षानुवर्षं ठेवण्या-सरकवण्याचे बारीक चरे होते, सगळ्या दिशांना पसरलेले, कुठे दाट कुठे विरळ. असे चरे हुबेहूब खोटे करणं अवघड. पॉलिश पेपरने पाडलेले चरे बहुतेक एका दिशेने पळतात, भिंगाखाली कळतात. इथले चरे खरे होते, आणि ते त्या गोलाच्या कडेपर्यंत येऊन तिथे कापल्यासारखे थांबत होते. म्हणजे वाडगा आयुष्यभर वापरला गेला आणि त्यानंतर कोणीतरी तो गोल घासला.

काकूंच्या घरातला वाडगा उलटा केला. तेल-धुळीचा थर कोमट पाण्याने सुटल्यावर बुडाच्या मधोमध आम्लाने उमटवलेला धुरकट शिक्का दिसला, ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’. मग दुकानवाल्या वाडग्याच्या बुडावर तोंडाने वाफ दिली. आम्लाने खाल्लेली काच आणि कोरी काच यांवर वाफ सारखी धरत नाही. गोलाच्या कडेशी, घासणाऱ्याच्या हातून सुटलेली, ‘व्हाकिया’ एवढी अक्षरं क्षणभर उमटली. काकूंनी स्वतः वाफ देऊन पुन्हा पाहिली.

चेकोस्लोव्हाकिया हा देश जन्मला ऑक्टोबर 1918मध्ये. तेव्हा 1850 तिथेच निकालात निघालं. पण हा देश 1992च्या अखेरीपर्यंत होता आणि तिथले जुने साचे युद्धानंतरही वापरात राहिले, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून 1936 सिद्ध होत नाही. ते सिद्ध केलं काकूंनी आणलेल्या लग्नाच्या फोटोने. पुठ्ठ्यावर शाईने साल लिहिलेलं आणि टेबलावर दोन वाडगे, पानांची नक्षी ओळखू येईल इतके स्पष्ट. मामंजींची आठवण अचूक होती. ती खोडायला निघालं होतं एक छापील प्रमाणपत्र, आणि याची मला जास्त चीड येते. किंमत फुगवतात ते एकवेळ समजू शकते, पण वस्तूच्या अंगावरचा तिचा स्वतःचा पुरावा घासून टाकायचा म्हणजे पुढच्या प्रत्येक मालकाला फसवायची सोय करून ठेवायची. तो शिक्का आता कोणीही परत आणू शकत नाही.

अडलंय ते पुढेच. दोन्ही वाडगे एकाच साच्यातले, यात शंका नाही. एका पानाच्या देठाशी साच्यातला तोच दोष दोघांवर आहे. पण हा दुसरा वाडगा नणंदेकडचाच का? काकूंनी पहिल्या फोनवरच सांगितलं होतं की नणंदेच्या वाडग्याच्या काठाला, त्या देठाच्या बरोबर वर, टवका होता. आता टवका नाही. पण हा वाडगा जोडीदारापेक्षा दोन मिलिमीटरने बुटका आहे. पहिल्याचा काठ भट्टीच्या आचेने गोलसर झालेला, याचा चाकावर घासून सपाट केलेला. आणि देठाच्या बरोबर वर, भिंगाखालीच दिसेल अशी, शिंपल्याच्या आकाराची उथळ खळी उरलेली.

अहवालात मी लिहिलं: ‘एकाच साच्यातला, 1918नंतरचा, बूड आणि काठ नंतर घासलेले, काठावर जुन्या टवक्याचा अवशेष.’ मालकीबद्दल काही लिहिलं नाही, कारण त्या साच्यातून असे किती वाडगे निघाले ते कोणाला ठाऊक. माझा सहकारी म्हणतो, ‘दाट शक्यता’ एवढं तरी लिहायला हवं होतं, नाहीतर ही माहिती काकूंबरोबरच संपेल. काकूंना माझा अहवाल मान्य आहे. दुकानदाराकडे पैसे परत मागायला त्या तयार नाहीत, कारण पैसे घेतले तर वाडगा परत द्यावा लागेल. आणि मला राहून राहून वाटतं की सहकाऱ्याचं बरोबर असेल. त्यांनी फोनवर सांगितलेली टवक्याची जागा मी त्याच वेळी, वाडगा पाहण्याआधी, लिहून घेतली होती. तो कागद आता अहवालाला जोडून पाठवते आहे.