तुम्ही विचारलेत म्हणून: पडद्यावरचे संगणकाचे पहिले चित्र

अ‍ॅनिमेशन शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला दर वर्षी हमखास विचारला जातो: संगणकाने तयार केलेली दृश्ये चित्रपटात पहिल्यांदा आली ती ‘ज्युरासिक पार्क’मध्येच ना? हा समज कुठून येतो ते मला ठाऊक आहे, कारण १९९४ साली तो चित्रपट हिंदीत बोलत आपल्याकडे आला तेव्हा कोल्हापूरच्या चित्रपटगृहात खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेल्या पोरांत मीही होतो. परंतु खरे उत्तर त्या चित्रपटाच्या वीस वर्षे मागे जाते, आणि तिथेही तोच माणूस भेटतो.

‘ज्युरासिक पार्क’ ज्या कादंबरीवर बेतला आहे तिचे लेखक मायकेल क्रायटन यांनी १९७३ साली ‘वेस्टवर्ल्ड’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात एका बंदूकधारी यंत्रमानवाला जग कसे दिसते ते दाखवायचे होते. त्यासाठी धाकटे जॉन व्हिटनी आणि गॅरी डेमॉस यांनी कॅमेऱ्याने टिपलेली एकेक चौकट रंगांनुसार वेगळी करून स्कॅन केली, संगणकाकडून तिचे चौकोनी ठोकळे पाडून घेतले, ठोकळ्यांत पुन्हा रंग भरले आणि ते सारे परत फिल्मवर उतरवले. मुळातले चित्र कॅमेऱ्याचे होते, संगणकाने ते केवळ बदलले, म्हणून काही जाणकार याला पहिलेपणाचा मान देत नाहीत. मी देतो, कारण यंत्राचे चित्र कुठे शोभेल हे त्या मंडळींनी अचूक ओळखले होते. जे खडबडीत दिसणार होते, ते यंत्राच्या नजरेलाच दिसू दिले.

पुढची काही वर्षे असाच शहाणपणा दिसतो. युटा विद्यापीठात एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी १९७२ साली संगणकात घडवलेला हात १९७६ च्या ‘फ्यूचरवर्ल्ड’मध्ये आला तो एका मॉनिटरवर, आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली लॅरी क्यूबा यांची रेघांची आकृतीही हल्ल्याचा बेत समजावणाऱ्या पडद्यावरच होती.

१९८२ च्या ‘ट्रॉन’वर मात्र मी वर्गात दोन पूर्ण तास घेतो. तेव्हा आजच्यासारखी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर नव्हती. एखादी वस्तू हलवायची तर ती कुठे आहे याचे तीन आकडे आणि कोणत्या बाजूला किती वळली आहे याचे तीन, असे सहा आकडे प्रत्येक चौकटीसाठी कागदावर लिहून द्यावे लागत. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर एकाच वस्तूच्या चार सेकंदांना ५७६ आकडे होतात. मी विद्यार्थ्यांना वहीत सहा रकाने आखून घरंगळणाऱ्या चेंडूचा एक सेकंद असा लिहायला लावतो. गेल्या वर्षी एका मुलीचा चेंडू सतराव्या ओळीत जमिनीत रुतला आणि चूक शोधायला तिला पुन्हा पहिल्या ओळीपासून हिशेब तपासावा लागला. त्यानंतर ‘ट्रॉन’मधल्या त्या काटकोनात वळणाऱ्या दुचाकी पाहताना वर्गात कुणी हसले नाही. या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सच्या ऑस्करचे नामांकनही मिळाले नाही. संगणक वापरणे म्हणजे फसवणूक, असे तेव्हा मानले गेले, असे दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गर यांनी पुढे सांगितले. हा अन्याय होता, असे मला आजही मनापासून वाटते.

त्यानंतरचा क्रम पाहिला की संगणकाला काय जमत गेले ते आपोआप कळते. १९८५ मध्ये ‘यंग शेरलॉक होम्स’मध्ये रंगीत काचेच्या खिडकीतून उतरणारा योद्धा आला, १९८९ मध्ये ‘द अ‍ॅबिस’मध्ये पाण्याची सोंड आणि १९९१ मध्ये ‘टर्मिनेटर २’मध्ये वितळणारा धातू. काच, पाणी आणि धातू हे तिन्ही गुळगुळीत व चकाकणारे पदार्थ आहेत. सुरकुतलेली, चिखलाने माखलेली, आतल्या स्नायूंबरोबर सरकणारी कातडी ही त्याहून फार अवघड गोष्ट होती आणि १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ने नवे काही केले असेल, तर ते इथे.

त्यातही डायनासोर पडद्यावर जितका वेळ दिसतात, त्यातला निम्म्याहून कमी वेळ संगणकाचा आहे. उरलेला बहुतेक भाग स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडवलेल्या यांत्रिक प्राण्यांचा. पावसातला तो प्रसंग पुन्हा पाहिलात तर विजेरीचा झोत पडल्यावर टी-रेक्सच्या डोळ्यातली बाहुली आकसते तिथे थांबा. तो डोळा माणसांनी हातांनी बनवलेला आहे. कुंपण तोडून दोन गाड्यांच्या मधोमध जो अख्खा देह चालत येतो, तो संगणकातला.