तुम्ही विचारलंत म्हणून: भाजीच्या वाफ्यात नुसता झेंडू का?

बाग बघायला आलेला प्रत्येक जण चौथ्या वाफ्यापाशी थबकतो. बाकी तीन उंच वाफ्यांत मिरच्या, पालक, मुळा. आणि चौथ्यात, सगळ्यात चांगल्या उन्हाच्या जागी, निव्वळ झेंडू. "एवढीशी जागा, त्यात भाजी सोडून फुलं?" आजवर "हौस" म्हणून वेळ मारून नेली. हौस नाही ती.

हौस होती तेव्हा टोमॅटोच्या कडेने चारच झेंडू लावले होते. येईल त्याला सांगायचे, "झेंडू असला की मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, लागत नाहीत." ऐकीव माहिती, पण आव स्वानुभवाचा.

त्याआधीच्या हंगामात त्याच वाफ्यात चवळी होती. एक वेल उपटला, मुळांवर गाठी दिसल्या आणि मी खूश! शेंगवर्गाच्या मुळांवर गाठी म्हणजे नत्र, एवढं शाळेतलं लक्षात होतं. बाकीचे वेल बुंध्याशी कापले आणि मुळं मुद्दाम मातीतच ठेवली. आता माहीत आहे की नत्राची गाठ नखाने सहज निघते आणि फोडली तर आत गुलाबी असते. या गाठी म्हणजे सूत्रकृमींमुळे मूळच मध्ये मध्ये सुजलेलं होतं. मी नख लावूनही पाहिलं होतं हो. निघाली नाही तेव्हा वाटलं, छान, भक्कम आहे.

मग त्याच मातीत टोमॅटोची रोपं केली. जास्तीची बारा वहिनींना दिली, मुळांभोवतीचा मातीचा गोळा जपून, ओल्या कागदात गुंडाळून.

रोपं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताठ. मी पाणी वाढवलं. पानं पिवळी पडली, खत घातलं. फळं लिंबाएवढी होऊन थांबली. शेवटी चिडून एक रोप उपटलं. मुळांचा झुबका असायला हवा तिथे वेड्यावाकड्या गाठींची माळ, आल्याचे तुकडे दोऱ्यात ओवल्यासारखी. वीतभर अंतरावर माझा झेंडू डोलत होता. तोही उपटला. त्याची मुळं स्वच्छ, पांढरी.

वहिनींना फोन केला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "ताई, माझीही दुपारी मलूल होतात. तुम्ही म्हणालात तसं पाणी वाढवलंय."

त्यांच्या मातीत सूत्रकृमी आधीपासूनच असतील, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. असतीलही. पण तो मातीचा गोळा मीच बांधून दिला होता.

तर झेंडू खोटा नाही, माझं लावणं खोटं होतं. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथायनिल नावाचं रसायन सूत्रकृमींना मारक असतं, पण ते काम करतं त्या मुळांपाशीच. वीतभर पलीकडच्या टोमॅटोला त्याचा काय उपयोग? म्हणून वाफा पूर्ण भरावा लागतो. माझ्या 4 बाय 4 फुटांत आठ-आठ इंचांवर 36 रोपं, बुटक्या फ्रेंच झेंडूची. निदान दोन महिने. मध्ये तण उगवू द्यायचं नाही, नाहीतर सूत्रकृमी त्याच्या मुळांवर पोट भरतात. भाजी त्यानंतर. सोबतीला नव्हे, आधी लावायचा झेंडू.

फुलांवरचा माझा विश्वास उडाला, असं मात्र समजू नका. पालकाशेजारी फुलू दिलेल्या कोथिंबिरीवर फुलमाश्या घिरट्या घालतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. हे ऐकीव नाही, भिंग घेऊन बघत बसले आहे मी.

झेंडूने हा वाफा कायमचा सुटेल? वाफ्याला तळ नाही, सूत्रकृमी खालच्या मातीतही असतात, परत वर येतात. पुढच्या वर्षी पुन्हा झेंडूच दिसला तर पुन्हा विचारू नका.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "मलाही थोडी रोपं द्या ना झेंडूची." मी बियांची पुडी दिली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.