फुलं पोचली, पण कोणी पाठवली तेच मावशीला कळेना

मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नेमकी दुसऱ्या शहरात अडकलेले, रजा मिळेना, आणि नुसता फोन करून "काळजी घे गं" म्हणणं काही मनाला पटेना. म्हणून ठरवलं फुलं पाठवायची. आयुष्यात पहिल्यांदाच. वाटलं काय ते पाच मिनिटांचं काम, साईट उघडायची, फोटो बघायचा, पैसे भरायचे. आणि पाच मिनिटांतच झालं हो ते, पुढचे दोन दिवस निस्तरण्यात गेले एवढंच.

पहिली चूक होता होता वाचली ती पत्त्याची. मी थेट हॉस्पिटलचा पत्ता टाकणार होते, सहज म्हणून काकांना विचारलं तर ते म्हणाले अगं तिला अजून आयसीयूत ठेवलंय आणि तिथे फुलं आत नेऊच देत नाहीत. वॉर्डात चालतात का, तर तेही त्यांना धड सांगता येईना, एक सिस्टर हो म्हणाली, दुसरी नाही म्हणाली. मग म्हटलं जाऊ दे, डिस्चार्जच्या दिवशी घरीच पाठवू. दुपारी १२ ते २ चा स्लॉट घेतला, कारण काका म्हणाले होते ११ ला सोडतील.

आता डिस्चार्ज ११ ला म्हणजे ११ ला मिळतो असं मानणारी मी एकटीच असेन. बिल, फाईल, सही करायला डॉक्टर राउंडवर, असं करत करत घरी पोचायला ५ वाजले. इकडे मला पावणेएक वाजताच मेसेज आला, डिलिव्हर्ड, सोबत फोटो. फोटोत काय, तर बंद दार, चपलांचा रॅक, आणि रॅकला टेकवलेला बुके. त्या कॉरिडॉरमध्ये दुपारचं ऊन सरळ येतं हे मला माहीत आहे, लहानपणी तिथेच खेळलेय मी. चार तास ती फुलं तिथे उन्हात, पाण्याशिवाय.

बरं एवढं होऊनही मावशी खूश झाली, तिला फुलं दिसली हेच खूप. पण तिने फोन मला केला नाही. कारण कार्डावर माझं नावच नव्हतं. म्हणजे होतं, पण मी मेसेज मराठीत टाइप केला होता, आणि त्यांच्या सिस्टीमला मराठी काही झेपली नाही. सोनेरी बॉर्डरचं छान गुळगुळीत कार्ड आणि त्यावर मधोमध तीन ओळी फक्त प्रश्नचिन्हं. शब्दांमधल्या जागा तेवढ्या बरोबर सोडलेल्या. शेवटी खाली एकटीच तीन प्रश्नचिन्हं, ती मी.

मग मावशीने पायावर पट्टी बांधलेल्या अवस्थेत एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, "फुलं तू पाठवलीस का रे?" माझ्या एका मावसभावाने तर चक्क "आवडली ना मग?" असं मोघम उत्तर देऊन दिवसभराचं श्रेय खिशात घातलं. रात्री मी न राहवून विचारलं तेव्हा उलगडा झाला.

आणि त्याच फोनवर ती सहज म्हणाली की ती पांढरी मोठी फुलं फार सुंदर आहेत गं, मनी सारखी जवळ जाऊन वास घेतेय. मनी म्हणजे तिची मांजर. माझ्या पोटात गोळाच आला. मी लिली मागवलीच नव्हती, साईटवरच्या फोटोत गुलाब आणि कार्नेशन होते. आणि लिली मांजरांसाठी विष असते, अगदी शब्दशः, पान चावलं किंवा अंगावर पडलेला पराग चाटला तरी किडनी निकामी होऊ शकते, फुलदाणीतलं पाणीसुद्धा चालत नाही. म्हटलं मावशी आत्ताच्या आत्ता काकांना सांग तो बुके उचलून बाहेर, मनीच्या अंगाला पिवळं काही लागलंय का बघा आणि तिच्या डॉक्टरला फोन लावा. काका बिचारे दिवसभर हॉस्पिटल करून आलेले, रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन मांजरीच्या मिश्या तपासत बसले. काही लागलं नव्हतं. डॉक्टर तरी लक्ष ठेवा म्हणाले, ठेवलं, मनी ठणठणीत आहे. पण आजारी माणसाच्या घरी मी आनंद पाठवला होता की ड्युटी लावली होती, मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी तक्रार करायला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती, पण तिला त्या शहरातलं काहीच माहीत नव्हतं, बुके कोणी बांधला तेही नाही. "मॅम, उपलब्धतेनुसार फुलं बदलू शकतात असं लिहिलेलं असतं." लिहिलेलं होतंच, मी वाचलं नव्हतं. मी तिला विचारलं की मग मला बांधणाऱ्याशीच बोलायला द्या ना, तर म्हणाली तशी सोय नाही. तिथे माझी ट्यूब पेटली.

म्हणजे बघा, मी इतके दिवस समजत होते की फुलं कुठूनतरी निघतात आणि प्रवास करत पोचतात. तसं नसतंच बहुतेक वेळा. प्रवास करते ती फक्त ऑर्डर. ही आयडिया काही इंटरनेटची पण नाही, १९१० मध्ये अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी एकत्र येऊन टेलिग्रामने एकमेकांना ऑर्डरी पाठवायला सुरुवात केली होती, या गावच्या दुकानात पैसे भरा, त्या गावचं दुकान फुलं नेऊन देईल. त्यात निदान दोन्ही टोकांना फुलवाला होता. आता मधे नुसती साईट असू शकते, जिच्याकडे स्वतःचं एक फूल नाही. ती आपला वाटा काढून घेते, उरलेल्या पैशात त्या शहरातल्या एखाद्या दुकानाला म्हणते बांध. मग तो बिचारा उरलेल्या पैशात फोटोसारखं कसं बांधणार? तो त्याच्याकडे असेल ते घालतो. माझ्या वेळी लिली होती, लिली घातली. त्याला काय माहीत घरात मांजर आहे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्याच साईट अशा असतात असं म्हणत नाही, काही जण सरळ सांगतात कुठलं दुकान देणार आहे ते. मी बघितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मावशीचा वाढदिवस आला. घरात सगळे म्हणाले आता फुलं नको बाई. मी म्हटलं नाही, आता तर पाठवणारच.

या वेळी मॅपवर तिच्या घराच्या आसपासची फुलांची दुकानं शोधली. शोधताना एक कळलं की "आम्ही इथलेच" म्हणणारे सगळे इथलेच नसतात. पहिला नंबर लावला तर तेच ते, कॉल तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, एक दाबा दोन दाबा. ठेवला. मग मी दुकानाचे स्वतःचे फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघायला लागले, ज्यात बादल्या दिसतात, ओली फरशी दिसते, पाटी दिसते. असं एक सापडलं. फोन उचलला तर मागे कात्रीचा कचकच आवाज, कोणीतरी नळ सोडलेला, आणि माणूस घाईत. मी एकच प्रश्न ठरवून ठेवला होता, "आज ताजं काय आलंय?" त्याने एका दमात सांगितलं, शेवंती मस्त आहे, कार्नेशन आहे, जरबेरा कालचा आहे तो नका घेऊ, गुलाब उद्या सकाळी येईल. कालचा आहे नका घेऊ म्हणाला तिथेच मी पैसे द्यायला तयार झाले.

मी त्याला एक फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम फोटो नका पाठवू, बजेट सांगा आणि कोणासाठी ते सांगा." आणि मग त्यानेच प्रश्न विचारले. वय काय, घरात फुलदाणी आहे का की भांड्यासकट देऊ, वास चालतो का, आणि मी सांगायच्या आधी, "घरात मांजर बिंजर नाही ना?" खरं सांगते, त्या माणसाला मी फोनवरूनच नमस्कार केला.

गुलाबाबद्दल माझं म्हणणं होतं की पूर्ण उमललेले द्या, छान दिसतात. तो म्हणाला पूर्ण उमललेला गुलाब फोटोपुरता असतो, अर्धा मिटलेला देतो, तुमच्या मावशी रोज उघडताना बघतील. पाकळ्यांच्या खालचा भाग बोटाने दाबून बघायचा म्हणे, घट्ट लागला तर ताजा, मऊ लागला तर म्हातारा. पण मुख्य भर शेवंती आणि कार्नेशनवर ठेवू, गुलाब गेले तरी ती राहतील. ठेव बाबा म्हटलं. फुलं कुठली हे त्याच्यावर सोडलं, पण पत्ता, वेळ आणि लिली नको या तीन गोष्टी मी त्याच्याकडून परत म्हणून घेतल्या.

तरी घोळ झालाच, छोटासा. मी फोनवर बिल्डिंग "ई" सांगितली, त्याने "ए" लिहिली. नंतर व्हॉट्सॲपवर लिहून पाठव म्हणाला होता, मी लिहिलंही, पण डिलिव्हरीच्या पोराच्या चिठ्ठीवर आधीचंच राहिलं. पोरगा ए बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर भलत्याच बाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन बसला. बाई म्हणे घ्यायला तयारही होत्या! सुदैवाने मी फोन नंबर मावशीचा न देता काकांचा दिला होता, मावशी अनोळखी नंबर उचलतच नाही, आणि सरप्राइज पण राहतं. काका खाली गेले आणि घेऊन आले. हे नक्की करा, घरातल्या एकाला कटात सामील करून घ्या, नाहीतर दार बंद आणि चपलांचा रॅक आहेच.

कार्डाचं काय करायचं हा माझा खरा प्रश्न होता. त्याला मराठी टाइप करायला सांगायची हिंमतच होईना. मग मी साध्या कागदावर पेनने लिहिलं, फोटो काढून पाठवला, त्याने प्रिंट काढून कापून कार्डावर चिकटवला. माझं अक्षर कोंबडीचे पाय, पण मावशी म्हणाली पाकीट उघडल्याबरोबर कळलं कोणाचं ते.

फुलं किती टिकली, तर शेवंती मोजून १५ दिवस. यात मावशीची मेहनत आहे. मी तिला फोनवरून सगळं करायला लावलं, दांड्या खालून दोनेक सेंटीमीटर तिरप्या काप, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाक कारण ती कुजली की पाण्यात बॅक्टेरिया होतात आणि दांडीची तोंडं बंद होतात, दोन दिवसांनी पाणी बदल, सोबत पुडी आली असेल ती पाण्यात टाक. ती म्हणाली पुडीत काय असतं, म्हटलं साखर असते खायला, पाणी थोडं आंबट करायला काहीतरी, आणि बॅक्टेरियासाठी औषध. "म्हणजे माझ्यासारखंच की, गोळ्या आणि पथ्य."

आणि फुलदाणी फळांच्या टोपलीपासून लांब ठेव म्हटलं. पहिल्या वेळी तिने लिली बाहेर काढल्यावर उरलेली कार्नेशन टेबलावर फळांशेजारी ठेवली होती आणि ती दोन दिवसांत आत वळून मिटली, आम्हाला वाटलं उन्हाने. उन्हाने असेलही. पण पिकलेल्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही, असं हा दुकानदार म्हणाला, नंतर मी वाचलंही. त्याच्या दुकानात म्हणे डबा खायला बसताना पण केळं आत आणायचं नाही असा नियम आहे.

एक सांगायचं राहिलं. १४ फेब्रुवारीच्या आठवड्यात त्याला फोन करू नका, मी केला होता एका मैत्रिणीसाठी. उचलला, "मॅडम २० तारखेनंतर," एवढंच म्हणाला आणि ठेवला. मैत्रिणीला २१ ला पाठवली, तिला काही फरक पडला नाही, उलट फुलं दुप्पट आली.

मावशीच्या फ्रिजवर आता दोन कार्डं आहेत. माझ्या अक्षराचं खाली आहे, त्यावर दुधाचा हिशोब लिहिलाय. वर लोहचुंबकाने नीट लावलंय ते प्रश्नचिन्हांचं. येणाऱ्या जाणाऱ्याला ती ते वाचून दाखवते, आणि दर वेळी वेगळंच वाचते.