गिल्टचं डेस्क सोडून लिहायला बसलो

गणपतीत सांगलीला आलो तेव्हा जो भेटेल तो एकच विचारत होता, "लंडनची चांगली नोकरी सोडलीस, मग आता करतोस काय?" आरतीच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी लंडनमधल्या कॅनरी वॉर्फला एका बँकेच्या डेस्कवर गिल्टची, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांची खरेदी-विक्री करायचो. 23 सप्टेंबर 2022 ला सरकारने करकपातीचं मिनी-बजेट मांडलं आणि रोख्यांचे भाव कोसळायला लागले. गिल्ट तारण ठेवून कर्ज उचललेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितलं जात होतं. ते भरायला त्यांनी गिल्ट विकले की भाव आणखी पडायचे, की पुन्हा नव्याने तारणाची मागणी. 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंड खरेदीला उतरली, भाव सावरले आणि 30 वर्षांच्या रोख्याचा परतावा (भाव चढला की तो उतरतो) 5 टक्क्यांवरून एका दिवसात 4 टक्क्यांच्या आसपास आला.

त्या रात्री आईचा फोन आला. ती निवृत्त शिक्षिका, पेन्शनचा विषय म्हटल्यावर झोप कुठली! मी म्हटलं, "समज, गल्लीतल्या सगळ्यांचे दागिने सावकाराकडे गहाण आहेत. सोनं उतरलं, सावकार म्हणाला आणखी पैसे भरा. सगळे एकाच दिवशी उरलेल्या बांगड्या मोडायला सराफाकडे गेले, तर भावाचं काय होईल?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे लिहून काढ बरं." मी रात्री दोनपर्यंत लिहीत होतो. डेस्कवरच्या कुठल्याच नफ्याने असं समाधान दिलं नव्हतं.

पण लगेच राजीनामा देणं शक्य नव्हतं. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की साधारण 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी शोधा, नाहीतर देश सोडा. पाच वर्षं भरून कायमच्या वास्तव्याची परवानगी हातात येईपर्यंत मी थांबलो. इकडे येऊन असा विचार करणाऱ्यांनी हे आधी बघावं, बाकी सगळं नंतर.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. 2022 च्या एका पाहणीत इथल्या, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ लेखनाला देणाऱ्या लेखकांची मध्यक कमाई वर्षाला 7,000 पौंड निघाली होती, म्हणजे निम्मे लेखक त्याहूनही कमी कमावत होते. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेलं की लेखकाला काही पेन्स मिळतात, पण वर्षाला जास्तीत जास्त 6,600 पौंड. माझं घर सध्या बायकोच्या पगारावर आणि साठवलेल्या बोनसवर चालतं. तिच्याशिवाय हे झालंच नसतं.

सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. डेस्कवर रोज संध्याकाळी कळायचं, आज बरोबर होतो की चूक. नफा-तोट्याचा आकडा समोर असायचा. आता पुस्तक लिहितोय, त्याच्या एका प्रकरणावर चार महिने घालवतो आणि ते जमलं का, हे सांगणारी स्क्रीनच नाही. पहिले काही आठवडे त्यानेच झोप उडाली होती. हल्ली संध्याकाळी लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवतो. ती मध्येच "हं" म्हणायची थांबली, की ती जागा पेन्सिलने अधोरेखित करतो.

पेन्सिलीची सवय ब्रिटिश लायब्ररीने लावली. तिथल्या वाचनकक्षात पेन चालत नाही. वही आणि पेन्सिल पारदर्शक पिशवीतून न्यायची, कोट आणि बॅग खाली लॉकरमध्ये. मी फोनही तिथेच ठेवतो. बहुतेक महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे येतात, तेव्हा हात अजून खिशाकडे जातो. खिसा रिकामाच असतो.